कच्छच्या ट्रिपमध्ये सापडलेला शिंपला नक्की कुठला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात पुण्यामुंबईहून कच्छला जाणाऱ्यांची गर्दी वाढते, रण बघून झालं की कोणीतरी डोंगराच्या पायथ्याशी खाली वाकतं आणि दगडाचा शिंपला उचलतं. मग फोटो पाठवून मला विचारतात, हे काय आहे? मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही, नोकरी वेगळीच करतो, पण पंधराएक वर्षं हे वेड आहे. तीच तीच उत्तरं टाईप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

फोटो पाठवलाय, नाव सांगा ना?

नाही सांगता येणार, आणि हे मी आढ्यतेने म्हणत नाहीये. दहापैकी आठ फोटो वरून काढलेले असतात, भर दुपारच्या उन्हात, शेजारी काही मोजपट्टी नाही, आणि शिंपल्याची फक्त फुगीर पाठ दिसते. पाठ बघून शिंपला ओळखणं म्हणजे माणसाच्या शर्टावरून त्याचं आडनाव सांगण्यासारखं आहे. खरी ओळख असते बिजागरीत, म्हणजे दोन्ही शिंपल्या जिथे जोडलेल्या असतात तिथल्या दातांमध्ये आणि आतल्या बाजूच्या वणांमध्ये. आणि तो तुकडा कुठल्या गावाजवळ, कुठल्या थरातून आला हे माहीत नसेल तर चांगल्या फोटोचाही अर्धाच उपयोग.

मोबाईलवर फोटो टाकला की ॲप नाव देतं की, ते चालेल का?

चालेल, करमणूक म्हणून. ही ॲपं रूपावर जातात, आणि बायव्हाल्व, म्हणजे तिसऱ्या-कालवांसारख्या दोन शिंपल्यांच्या मंडळींमध्ये रूप फार फसवं असतं. वाळूत पुरून राहायचं म्हटलं की कुळ कुठलंही असो, शिंपला गुळगुळीत लांबुळका होतो, आणि खडकाला चिकटून राहायचं म्हटलं की तो वाकडातिकडा होतो. ॲप तुम्हाला युरोपातलं किंवा अमेरिकेतलं नाव देईल, कारण तिकडचे फोटो जास्त आहेत. तुमचा तुकडा कच्छचा आहे हे त्याला कुठे माहीत असतं.

हा शिंपलाच आहे हे तरी कशावरून? दुसरं काही असू शकतं का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका हाच कोणी विचारत नाही. कच्छच्या ज्युरासिक थरांत, म्हणजे साधारण १७ ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, ब्रॅकिओपॉड नावाचा प्राणी भरपूर मिळतो. तोही दोन शिंपल्यांचाच, पण बायव्हाल्वशी त्याचं काही नातं नाही. कुचिथायरिस हे ब्रॅकिओपॉडचं नावच कच्छवरून पडलंय. सुरुवातीची दोन वर्षं मी माझ्याकडचे असले गोल गुळगुळीत नग 'शिंपले' म्हणून डब्यात ठेवले होते, डब्यावर मोठ्या अक्षरात लेबलसकट. एका प्राध्यापकांनी डबा उघडला, हसले, आणि काही न बोलता नग आडवा फिरवून माझ्या हातात दिला.

ते फिरवणं असं. शिंपला समोर धरा आणि आरसा कुठे ठेवला तर दोन अर्धी सारखी दिसतील ते बघा. बायव्हाल्वमध्ये आरसा दोन शिंपल्यांच्या मधोमध बसतो, डावी आणि उजवी एकमेकींची प्रतिमा, पण एकच शिंपली घेतली तर ती स्वतः एका बाजूला कललेली असते. ब्रॅकिओपॉडमध्ये उलटं, आरसा शिंपलीच्या मधून उभा जातो, म्हणजे एकच शिंपली डावी-उजवी सारखी, पण वरची आणि खालची वेगळी. शिवाय मोठ्या शिंपलीच्या टोकाला बरेचदा बारीक गोल भोक असतं, देठ बाहेर यायचं. भोक दिसलं की डबा बदला.

आता भानगड अशी की कालवं आणि त्यांचे भाऊबंद हा नियम पाळत नाहीत, त्यांची एक शिंपली खोल वाटीसारखी आणि दुसरी झाकणासारखी. आणि पेक्टेन, म्हणजे पंख्यासारखा बरगड्यांचा शिंपला, तो एकेक शिंपली बऱ्यापैकी सममित दाखवतो. म्हणून आरशावर एकट्यावर विसंबू नका. पेक्टेनला बिजागरीशी दोन्ही बाजूंना 'कान' असतात, ते बघा, आणि कालवाचं कवच थरथराचं, पापुद्रे सुटल्यासारखं असतं.

माझ्याकडे शिंपल्याच्या आकाराचा दगड आहे पण कवचच नाही, मग हा फॉसिल नाही का?

आहे, आणि बहुतेकांकडे हेच असतं. कवच दोन प्रकारच्या खनिजांचं असतं, कॅल्साईट आणि ॲरॅगोनाईट, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. ॲरॅगोनाईट लवकर विरघळतं. कालवं आणि पेक्टेनचं कवच बहुतेक कॅल्साईटचं, म्हणून ती इतक्या काळानंतरही कवचासकट मिळतात. ट्रायगोनिया (कच्छमधला त्रिकोणी, जाड शिंपला) आणि तिसऱ्यांची मंडळी यांचं ॲरॅगोनाईटचं, ते जमिनीखाली पाण्याने विरघळून जातं आणि आत भरलेला चिखल तेवढा दगड होऊन उरतो. त्याला आतला साचा म्हणायचं. हा साचा गुळगुळीत असतो, बाहेरची नक्षी त्यावर नसते, त्यामुळे लोक निराश होतात. नका होऊ. त्याच्यावर स्नायूंचे वण आणि दातांच्या खाचा उमटलेल्या असतात, जे कवचासकट तुकड्यात तुम्हाला कधीच दिसलं नसतं.

आणि असा दगड काढताना बाजूच्या मातीत जो खड्डा राहतो ना, तो फेकू नका. त्यात बाहेरची नक्षी उलटी उमटलेली असते. पोरांची प्लॅस्टिसिन, म्हणजे खेळायची रंगीत माती, दाबून घ्या, सरळ नक्षी मिळते. माझ्याकडचा सगळ्यात चांगला ट्रायगोनिया असा निळ्या प्लॅस्टिसिनचाच आहे, मूळ खडक इतका ठिसूळ होता की गाडीत बसेपर्यंत त्याची पूड झाली.

दगड हृदयासारखा दिसतो, कोणी शिवलिंग म्हणतं, कोणी गोठलेलं फळ, काय समजायचं?

दोन शिंपल्या बंद असतानाचा आतला साचा बाजूने बघितला तर हुबेहूब बदामाच्या आकाराचा दिसतो. फळ नाही, हृदय नाही. श्रद्धेचा प्रश्न असेल तर मी बोलणार नाही, गंडकीतला शाळिग्रामही मुळात ॲमोनाईट म्हणजे समुद्रातला प्राणीच आणि त्याने कोणाच्या देवघरात काही बिघडत नाही.

दोन्ही शिंपल्या बंद अवस्थेत मिळाल्या तर मात्र एक गोष्ट नोंदवा. प्राणी मेल्यावर बिजागरीचा लवचिक पट्टा शिंपल्या उघडतो, लाटा त्या वेगळ्या करतात. बंद जोडी म्हणजे बहुतेक तो प्राणी पटकन गाडला गेला किंवा मुळात गाळात पुरूनच जगत होता. फोलॅडोमाया असाच, गाळात उभा राहायचा, कवच अगदी पातळ, म्हणून जवळजवळ नेहमी आतला साचाच मिळतो, फुगीर, मागच्या टोकाला फट असलेला, आणि खडकात तो अजूनही उभाच सापडतो, १६ कोटी वर्षं जागा न सोडता.

तुम्ही सारखं बिजागरीचे दात म्हणता, ते बघायचे कसे?

आधी स्वयंपाकघरात जा, खरंच सांगतो. तिसऱ्या आणल्यात ना, खाऊन झाल्यावर दोन शिंपल्या धुऊन ठेवा. जोडाजवळ आत दोन-तीन छोटे उंचवटे दिसतील, एका शिंपलीचा दात दुसरीच्या खाचेत बसतो, कुलपासारखा. आतल्या बाजूला दोन गोलसर चट्टे दिसतील, ते शिंपल्या मिटणाऱ्या स्नायूंचे वण, आणि दोघांना जोडणारी एक रेघ असते ती मागच्या बाजूला आत वळते, त्या वळणाला सायनस म्हणतात. ते वळण म्हणजे प्राण्याला नळी होती, तो वाळूत पुरून राहायचा आणि नळी वर काढून पाणी ओढायचा. जितकं खोल वळण तितकी लांब नळी. आता कालव घ्या, एकच मोठा चट्टा, सायनस नाही, दात नाहीत, कारण तो कुठे जातच नाही.

मग कोकणच्या किनाऱ्यावर फिरताना आर्काच्या घराण्यातली जाड बरगड्यांची शिंपली उचला, तिची बिजागरी सरळ असते आणि त्यावर कंगव्यासारखे बारीक दात ओळीने. हे तीन नमुने हातात असले की फॉसिल बघायची नजर निम्मी तयार झाली.

ट्रायगोनियाचे दात यांच्यापेक्षा वेगळेच. मोठे, उलट्या व्ही सारखे फाकलेले, आणि दातांवर आडव्या बारीक रेघा, इतक्या की नखाने चाचपलं तर कानशीसारखं लागतं. आतल्या साच्यावर तिथे दोन खोल तिरक्या खाचा दिसतात. त्या दिसल्या तर मी फोटोवरूनही 'ट्रायगोनियाच्या घराण्यातला' एवढं सांगायला तयार आहे.

ट्रायगोनिया ट्रायगोनिया ऐकतोय, एवढं काय आहे त्यात?

कच्छचा लाडका शिंपला आहे तो. त्रिकोणी, जाड, मधून एक कड उतरते आणि कडेच्या पुढे एक नक्षी, मागे दुसरीच नक्षी, जसं काही दोन कारागिरांनी अर्धं अर्धं केलंय. कॅप्टन ग्रँटने कच्छचा भूगर्भनकाशा केला त्या काळात गोळा केलेले जीवाश्म सोवर्बी या इंग्रज अभ्यासकाने १८४० च्या सुमारास वर्णन केले, आणि पुढे किचिन या संशोधकाने १९०३ मध्ये फक्त कच्छच्या ट्रायगोनियांवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. मग १९४० आणि १९५२ मध्ये कॉक्सने बाकीच्या शिंपल्यांवर लिहिलं. कच्छमधल्या उमिया गावाच्या बाजूला तर थरांनाच जुन्या भूगर्भशास्त्रज्ञांनी ट्रायगोनिया बेड्स म्हटलंय.

गंमत पुढे आहे. कच्छमध्ये मिळणाऱ्या इंडोट्रायगोनिया स्मीईचा अगदी जवळचा नातलग टांझानियातल्या तेंडागुरूला मिळतो, तेच तेंडागुरू जिथे जर्मनांनी प्रचंड डायनोसॉर खोदले. कारण त्या काळी भारत, मादागास्कर आणि आफ्रिका शेजारी शेजारी होते, मध्ये चिंचोळा समुद्र घुसायला लागला होता आणि त्याच्या काठाकाठाने हे शिंपले राहायचे. हा सगळा गट संपला असंच लोक धरून बसले होते, मग १८०० च्या सुरुवातीला फ्रेंच मोहिमेला ऑस्ट्रेलियाकडच्या समुद्रात त्याचा जिवंत वंशज मिळाला. निओट्रायगोनिया आजही तिथेच आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

डावी शिंपली की उजवी, हे कशाला लागतं?

कारण काही जातींत दोन्ही शिंपल्यांची नक्षी किंवा फुगवटा वेगळा असतो, आणि वर्णन वाचताना 'डाव्या शिंपलीत अमुक' असं आलं तर तुम्हाला आपल्या हातात कुठली आहे ते कळायला हवं. बिजागरी वर, प्राण्याची पुढची बाजू तुमच्यापासून लांब अशी धरा, मग डाव्या हाताला येते ती डावी. पुढची बाजू कुठली? साधारणपणे चोच, म्हणजे बिजागरीजवळचं टोक, ते पुढे झुकलेलं असतं. आणि सायनस असेल तर तो मागे. ट्रायगोनियात नेमकी चोच मागे झुकते, त्यामुळे नवखे लोक हमखास उलटं सांगतात, मीही सांगितलंय. दोन खुणा जुळल्याशिवाय बोलू नये.

कालवांत डावी शिंपली खडकाला चिकटलेली, ग्रिफियात डावी मोठी आणि आत वळलेली, उजवी नुसतं झाकण. ग्रिफिया नखासारखा वळतो, इंग्लंडात त्याला लोक सैतानाची नखं म्हणायचे. तोच बाजूला गोगलगायीसारखा मुरडलेला दिसला तर एक्झोजायराच्या बाजूला शोधा, कच्छच्या थरांत त्याचा छोटा नातलग नॅनोजायरा बऱ्याचदा मोठ्या शिंपल्यांच्या पाठीवर चिकटलेला मिळतो, बोटाच्या पेराएवढाही नसतो. त्याला घाण समजून खरवडू नका.

मला तर अगदी ताजा दिसणारा मोठा कालव मिळाला, फॉसिल असेल का तो?

कुठे मिळाला? पश्चिम कच्छमध्ये लखपत, नलिया, खारी नदी या बाजूला ज्युरासिक नाही, तिथे बरेच नवे थर आहेत, इओसीनपासून मायोसीनपर्यंत, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातले. मायोसीनच्या, म्हणजे ढोबळपणे २ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत कालवं आणि पेक्टेन इतके छान टिकलेत की काल समुद्रातून काढल्यासारखे वाटतात. उलट समुद्रकाठी काळपट पडलेली जड शिंपली बऱ्याचदा काही शे किंवा काही हजार वर्षांचीच असते. कोकणात किनाऱ्यालगत शिंपल्यांचा चुरा एकत्र चिकटून झालेला दगड असतो, लोक त्याला करल म्हणतात, तोही भूगर्भाच्या हिशेबात कालचाच. थर बघा, रंग नको.

आणि नाण्यासारखे चपटे गोल दगड हजारोंनी पसरलेले दिसले तर ते शिंपले नाहीत, ते नम्युलाईट, एका पेशीच्या जिवाची घरं.

सह्याद्रीत ट्रेकला गेलो होतो, तिथे शिंपल्यासारखा दगड मिळाला...

बहुतेक नाही हो. सह्याद्री म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बसाल्ट, त्यात समुद्री शिंपला असायचं कारण नाही. गारगोटी किंवा चर्ट फुटला की वाटीसारखा खळगा आणि त्यावर लाटांसारख्या कडा येतात, शाळेच्या पुस्तकात त्याला शंखाभ भंग म्हणतात, नावातच शंख आहे म्हणजे फसणारे तुम्ही पहिले नाही. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तळ्याचा गाळ अडकलाय, नागपूरजवळ ताकळीला असा आहे, आणि स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने तिथून गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि शिंपले गोळा करून १८६० मध्ये छापले होते. विदर्भातल्या लोकांनी म्हणून कच्छचा हेवा करू नये.

एक आणखी जागा, आपल्या पायाखाली. जैसलमेरच्या पिवळ्या दगडाची फरशी असलेल्या एखाद्या दुकानात किंवा लॉबीत खाली बघत चाला. कापलेल्या शिंपल्यांच्या चंद्रकोरीसारख्या रेघा दिसतात. मी एका लग्नाच्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसून बघत होतो, वेटरला वाटलं अंगठी हरवली, तोही शोधायला लागला.

घरी आणल्यावर साफ कसं करायचं? व्हिनेगर चालतं का?

व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, काहीही आंबट नाही. कवच कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने विरघळतं, बाहेरची नक्षी आधी जाते. साधं पाणी, जुना टूथब्रश, आणि घट्ट मातीसाठी गोधडी शिवायची सुई, बस. शेल (पापुद्र्यांचा चिखलदगड) किंवा मऊ मातीतला तुकडा असेल तर पाण्यातही बुडवू नका, आधी कोपऱ्यावर एक थेंब टाकून बघा फुगतो का. बाकी खडकाच्या फालतू तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून बुडबुडे येतात का बघायला हरकत नाही, चुनखडी आहे की नाही एवढं कळतं. त्याने फॉसिल सिद्ध होत नाही.

आणि फोटो? शेवटी फोटोच पाठवणार ना आम्ही.

सकाळी किंवा संध्याकाळी खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरका, म्हणजे बरगड्यांना सावली पडते. शेजारी पट्टी, नाणं नको कारण दहा रुपयाचं की दोनचं ते फोटोत कळत नाही. प्रत्येक शिंपलीची बाहेरची बाजू, आतली बाजू, बिजागरी वरून, आणि पूर्ण नग कडेवरून. जमत असेल तर जिथे मिळाला तो खडक पण, पाच पावलं मागे जाऊन.

नाव मिळालं समजा, तर स्पीशीज, म्हणजे अगदी नेमक्या जातीपर्यंत जायचं का?

घाई नको. संशोधक लोकसुद्धा जिथे खात्री नसते तिथे नावानंतर 'एसपी.' लावतात, म्हणजे 'जात नक्की सांगत नाही', किंवा मध्ये 'सीएफ.', म्हणजे 'या जातीसारखा दिसतो, पण शपथ घेत नाही'. मला स्वतःला 'ट्रायगोनिया एसपी., अमुक गाव, अमुक ओढा, लाल चुनखडीच्या खाली दोन फूट' असं लेबल लावलेला नग, पाच लॅटिन शब्द असलेल्या पण गावाचं नाव नसलेल्या नगापेक्षा कितीतरी जास्त आवडतो. पहिल्या ट्रिपला मी तीन डोंगरांचे तुकडे एका पिशवीत भरले, वाटलं लक्षात राहील. घरी आल्यावर आईने पिशवी बाल्कनीत उलटी केली. ते अजून तुळशीच्या कुंडीत आहेत, सुंदर दिसतात, पण शास्त्राच्या दृष्टीने खडी.

लेबल असं करा. जागेवरच तुकड्याला कागदात गुंडाळताना चिठ्ठी आत, त्यावर तारीख, जवळचं गाव, मोबाईलवरचं लोकेशन आणि खडक कसा होता ते दोन शब्दांत. घरी पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन त्यावर बारीक नंबर, आणि तोच नंबर वहीत. थर ओळखायचा असेल तर ढोसा ऊलाईट शोधा, माशांच्या अंड्यांसारख्या बारीक गोळ्यांचा गंजक्या रंगाचा थर, कच्छमध्ये बऱ्याच ठिकाणी दिसतो आणि साधारण १६ कोटी वर्षांचा. त्याच्या वर की खाली एवढं लिहिलंत तरी खूप.

शिंपल्यावर गोल भोक आहे, कोणीतरी माळेसाठी पाडलंय का?

नाही. मायोसीनचा शिंपला असेल आणि भोक गोल, बाहेरून रुंद आत निमुळतं असेल तर शिकारी गोगलगायीने पाडलंय, आतलं मांस खायला. बारीक बारीक चाळणीसारखी भोकं असतील तर समुद्री स्पंज. कवचावर पांढऱ्या नागमोडी नळ्या दिसल्या तर ती कृमींची घरं. यातून तो शिंपला मेल्यावर किती दिवस उघड्यावर पडला होता याचा अंदाज येतो, म्हणून हेही वहीत लिहा.

उचलून आणायला परवानगी लागते का?

अभयारण्यात हात लावू नका, सरळ. नारायण सरोवर अभयारण्य असो की रणाचा संरक्षित भाग, तिथून दगडसुद्धा उचलायचा नसतो, आणि पश्चिम कच्छमध्ये चांगले थर नेमके त्या बाजूला आहेत. सीमेजवळच्या भागात पोलिसांची परवानगी लागते ती वेगळी. शेतात असाल तर मालकाला विचारा, कच्छी माणूस सहसा चहा पाजूनच सोडतो. विकायचं, परदेशात पाठवायचं वगैरे डोक्यातही आणू नका. हाड, दात किंवा काही मोठं दिसलं तर तसंच ठेवा, फोटो आणि लोकेशन घ्या आणि भुजच्या कच्छ विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला किंवा पुण्यात असाल तर आघारकर संशोधन संस्थेला कळवा. शिंपला एक-दोन घेतला तर जग बुडत नाही, पण पोतं भरून नेणारे मी बघितलेत, त्यातलं निम्मं हायवेच्या ढाब्यावर सोडून देतात.

मेगॅलोडॉन मिळाला म्हणून एकाने ग्रुपवर टाकलंय, शार्क ना तो?

मेगॅलोडॉन नावाचा शिंपलाही आहे, जाडजूड, हिमालयात स्पितीच्या चुनखडीत त्याचे नातलग मिळतात. शार्कचं ते जातीचं नाव, शिंपल्याचं जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं. त्याला विचारा दात एक आहे की बिजागरीत दोन.